पावणेतीन मापटी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसे. भाकरी थापताना मी तीनदा उठायची. एकदा दारात जाऊन रस्ता बघायचा, एकदा तहान नसताना पाणी प्यायचं, एकदा नुसतंच कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. "रंजे, जरा बूड टेकव की, भाकरी जळाय लागली," असं ती मान वर न करता म्हणायची आणि भाकरी खरंच जळत असायची. शिक्रापूरला आमच्या दोन खोल्या हायवेला अगदी लागून होत्या. भरलेला ट्रक गेला की फळीवरची भांडी थरथरायची, पाण्याच्या पिंपात वर्तुळं उठायची आणि मला वाटायचं, हा आता नगरला जाणार, तिथून आणखी कुठं कुठं जाणार. सगळी दुनिया आमच्या दारावरून चाललेली आणि आम्ही तेवढे शेगडीपुढं बसलेले. आता दौंडला माझं स्वतःचं घर आहे, बत्तीस वर्षांची नोकरी करून मी घरी बसले आहे, तरी अजून जेवताना मी दोनदा उठते. सूनबाई म्हणते, "आई, ताट संपेपर्यंत तरी बसा ना." मी बसते आणि मीठ आणायला पुन्हा उठते.

आम्ही मूळचे राहूचे. जमीन चुलत्यांत वाटली गेल्यावर आमच्या वाट्याला जे आलं त्यावर आप्पांचं मन लागेना, म्हणून ते शिक्रापूरच्या एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागले आणि आम्हाला तिकडं घेऊन गेले. शेजारच्या खोल्यांत बाहेरगावची पोरं भाड्यानं राहायची. एक दिवस त्यांतला एकजण दारात येऊन म्हणाला, "भाभी, खाना मिलेगा क्या?" आईला त्यातला 'खाना' एवढा एकच शब्द कळला आणि तो पुरला. चारजणांचे आठ झाले, आठाचे वीस, आणि मी बारावीला गेले तेव्हा आमच्याकडं दोन्ही वेळचे चाळीसजण जेवत होते. कारखान्याचा भोंगा झाला की दहा मिनिटांत पंगत भरायची. पिठलं, मटकीची उसळ, वांग्याचं कालवण, मोठ्या पातेल्यात भात, वर लसणाचा ठेचा. भुशाच्या शेगडीचा घुमणारा आवाज दिवसभर चालू असायचा आणि माझ्या केसांना कायम फोडणीचा वास यायचा. शाळेत मुली नाक उडवायच्या, असं मला तरी वाटायचं.

या सगळ्या स्वयंपाकाला आईकडं एकच माप होतं. राहूच्या घरातून निघताना तिनं दोन ट्रंका, एक परात आणि एक लोखंडी मापटं आणलं होतं. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांना सांगते, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. धान्य त्यात भरायचं, वरून हात फिरवून सपाट करायचं आणि ओतायचं. पहिल्या मापाला ती कधी एक म्हणायची नाही. "लाभ" म्हणायची. लाभ, दोन, तीन, चार. मोजायची ती मोठ्यानं, अगदी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या. ज्वारी असो, तांदूळ असो की डाळ, पिंपात हात घातला की तिचा आवाज बदलायचा. मीठ, तिखट, तेल यांना मापच नव्हतं. "मीठ किती टाकू?" असं विचारलं की म्हणायची, "हाताला कळतं." माझ्या हाताला हळूहळू कळायला लागलं होतं. सुमनमावशीच्या हाताला मात्र कळत नव्हतं.

सुमनमावशी इनामगावची. नवरा गेल्यावर भावाच्या ओळखीनं शिक्रापूरला आलेली, चौथी शिकलेली, आणि आमच्याकडं भांडी, भाज्या, पीठ मळणं असं सगळं करणारी. कामाला वाघीण, पण दर दोन मिनिटांनी, "वैनी, किती टाकू?" आई एका शेगडीवर, मी दुसऱ्या शेगडीवर, आणि सुमनमावशी दोघींच्या मधे प्रश्न विचारत फिरायची. आमच्यातली एक जरी आजारी पडली तरी पंगत उशिरा बसायची. आईचं मनगट त्या वर्षी सुजायला लागलं होतं. रात्री ती त्याला हळद-मीठ गरम करून बांधायची आणि सकाळी सोडून पुन्हा परातीला बसायची.

अशात मला पुण्याहून पत्र आलं. नर्सिंगच्या शिक्षणाला माझा नंबर लागला होता. राहायची सोय तिथंच, पंधरा दिवसांच्या आत हजर व्हायचं. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. आप्पांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आईला इचार." त्यांचं सगळ्याच बाबतीत हे उत्तर असे. आई तांदूळ निवडत होती. "चाळीस पानं हायती. तू गेलीस तर कोण बगणार? ह्यो हात?" असं म्हणून तिनं सुजलेलं मनगट वर केलं आणि पुन्हा तांदळात घातलं. तिनं आदळआपट केली नाही, रडारडही केली नाही. तिनं खरं काय ते सांगितलं, आणि खरं असल्यामुळंच माझा जास्त संताप झाला. मी भांडले असते तर बरं झालं असतं. मी नुसती दारात जाऊन उभी राहिले आणि ट्रक मोजत बसले.

दोन दिवस मी धुमसले आणि तिसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. आईच्या हातात जे आहे ते वहीत आणायचं. किती माणसांना किती मापटी, किती पाणी, किती मीठ. एकदा कागदावर उतरलं की सुमनमावशीला विचारावं लागणार नाही, आणि विचारावं लागलं नाही की माझी गरज उरणार नाही. मी आईचं मापटं पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात गेले आणि दुकानदाराच्या डोक्याला दोन तास ताप दिला. सपाट मापटंभर ज्वारी साडेचारशे ग्रॅम भरली. गहू साडेचारशेच्या जरा वर. तांदूळ पावणेपाचशे, तूरडाळ त्याच्याच आसपास. मला केवढा आनंद झाला! सगळी धान्यं जणू एका घरातली. मी वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, एक मापटं धान्य म्हणजे साडेचारशे ग्रॅम, थोडं इकडं तिकडं. आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा मला अजून दिसतात.

आईला वही वाचून दाखवली तर ती खो खो हसली. "आगं, ह्ये समदं मला येतंच की. मी बाजूला उभी ऱ्हाऊन तिला सांगीन. त्यात तुज्या वहीनं काय केलं?" मी म्हटलं, "तू नसलीस तरी तिला जमंल." ती म्हणाली, "मी कुठं जाती?" मी वही मिटली.

वहीची परीक्षा चालून आली ती कारखान्याच्या कँटीनच्या साहेबांच्या रूपानं. आमच्या पिठल्याची कीर्ती त्यांच्यापर्यंत गेली होती म्हणे. बुटासकट उंबऱ्याबाहेर उभं राहून ते म्हणाले, "मावशी, एक रिक्वेस्ट होती. नवीन मशिन बसवायला आमच्याकडे फॉरेनचे इंजिनिअर आलेत. त्यांना सकाळी ओट्स लागतात. आमच्या कँटीनवाल्यानं हात वर केलेत." गोरे बारा होते, पण त्यांच्याबरोबर बसणारे आपले अठरा साहेबही आता तेच खाणार होते. गोऱ्यांच्या पंगतीत पोहे कसे खायचे, असा प्रश्न त्यांना पडला असावा. माल कंपनी देणार, आम्ही फक्त शिजवून तीस पानांचं भांडं सकाळी सातला गेटवर पोचवायचं. आधी एक दिवस करून बघायचं आणि जमलं तर महिनाभर. ओट्स हा शब्द मी इंग्रजीच्या पुस्तकात वाचला होता, त्यापलीकडं आमच्या घरात त्याची कुणाला गंधवार्ता नव्हती.

साहेब गेल्यावर आईनं हात पुसले. मग तिनं मला समोर बसवलं. "आता आईक. ह्ये मला येत न्हाई, सुमनला येत न्हाई, तुलाबी येत न्हाई. तू म्हंतीस ना, कागदावरनं समदं व्हतं? लिव्ह कागदावर. सुमन करंल. तू त्या सकाळी घरात पाऊल टाकायचं न्हाई. साहेबानं भांडं माघारी धाडलं न्हाई, तर सोमवारी पुण्याला जा, मी आडवी येनार न्हाई. धाडलं, तर फिरून पुण्याचं नाव काढायचं न्हाई. हाय कबूल?" मी म्हटलं, कबूल. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आधीच मी उठून उभी राहिले होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या टेम्पोतून पोतं आलं. जाड कागदाचं, चारी बाजूंनी शिवलेलं, आमच्या ज्वारीच्या कट्ट्याएवढं दांडगं. मी आणि सुमनमावशी उचलायला पुढं झालो, तोवर आईनं ते एकटीनं कवेत घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि त्याच्याकडं बघत म्हणाली, "येवढं थोरलं पोतं आन् वजन कसं न्हाई?" मी ऐकलं आणि कानाआड केलं. मला त्या पोत्याबरोबर आलेल्या छापील कागदाची घाई होती. पोतं उघडायला आईनं मनाई केली होती, दुसऱ्याचा माल, ज्या त्या दिवशीच उघडायचा. ते मला पटलंही. उघडून बघायची गरजच काय? कागदावर सगळं होतं. एका माणसाला चाळीस ग्रॅम ओट्स, दूध-पाणी मिळून पाव लिटर. शब्दकोशात बघितलं तर ओट्सपुढं लिहिलेलं, एक प्रकारचं धान्य. आणि धान्याचं मापटं म्हणजे काय ते माझ्या वहीच्या पहिल्या पानावर दोन रेघांच्या वर लिहिलेलं होतं.

तीस माणसांना चाळीसप्रमाणे बाराशे ग्रॅम. त्याला साडेचारशेनं भागलं. दोन मापटी पूर्ण आणि तिसरं पाऊण भरायच्या जरा अलीकडं. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ओट्स पावणेतीन मापटी. पाणी पाच लिटर, दूध अडीच लिटर. आधी पाणी उकळायचं, मग हळूहळू ओट्स सोडायचे, ढवळत राहायचं, शेवटी दूध. मीठ अर्धा चमचा. मीठसुद्धा मी चमच्यात बसवलं होतं! सुमनमावशीनं ते अडखळत वाचलं. आई म्हणाली, "परत वाच." तिनं परत वाचलं. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "पावणेतीन. नक्की का?" मी म्हटलं, "तीनदा गुणून बघितलंय." मग तिनं तो कागद भिंतीला चिकटवायला लावला. त्या दुपारी मला तिनं आप्पांचा डबा घेऊन कारखान्यावर पिटाळलं. एरवी तो डबा एक पोरगा नेत असे, पण मला घराबाहेर पडायला मिळतंय म्हटल्यावर मी कशाला विचारते का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिले. पंक्चरच्या दुकानापुढं जुनी टायरं रचलेली असायची, त्यांच्यावर बसले, उठले, परत बसले. आमचं दार उघडं होतं आणि आतला पिवळा दिवा दिसत होता. सुमनमावशीची सावली इकडून तिकडं जाई. शेगडी घुमायला लागली. पाणी उकळलं असेल, आता उकळलंच असेल, अजून का सोडत नाहीत, असं माझं चाललं होतं. जीव नुसता टांगणीला लागलेला. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून बाराशे भागिले साडेचारशे करत होते. तेवढ्यात आईचा तो नेहमीचा आवाज रस्ता ओलांडून आला, "लाभ... दोन..." आणि नेमका एक कंटेनर घोंगावत आला, त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं उसाच्या ट्रॉल्या. रस्ता मोकळा झाला तेव्हा आतून फक्त ढवळण्याचा आवाज येत होता. कडक शिस्तीच्या आईनं मापायचं काम सुमनमावशीला न देता स्वतः का घेतलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मी आकडे मोजत होते.

भांडं टेम्पोत चढलं तशी मीही मागं चढले. आईनं फक्त घरात यायला बंदी केली होती. गेटवर मला आत सोडेनात. वॉचमनच्या खोलीमागं एक कडुनिंब होता, त्याच्याभोवती मी किती फेऱ्या मारल्या असतील ते त्या वॉचमनला ठाऊक. पाऊण तासानं साहेब बाहेर आले. त्यांच्या मागं दोन पोरांनी भांडं आणलं. मला वाटलं, संपलं. माघारी आलं. डोळ्यांसमोर ती चाळीस पानं, ती परात, तो दिवा सगळं जन्मभराचं उभं राहिलं. साहेब म्हणाले, "आईंना सांग, एकदम परफेक्ट. गोऱ्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. उद्यापासून रोज." मी भांड्यात डोकावले. चमच्यानं खरवडलेलं होतं, चाटायलासुद्धा काही शिल्लक नव्हतं.

घरी मी पळत गेले. अक्षरशः पळत, हायवेच्या कडेनं, केस सुटलेले. दारातून ओरडले, "रिकामं आलं! सगळं रिकामं!" सुमनमावशी मापटं घासत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. आई परातीपुढं बसली होती. तिनं हातातला पिठाचा गोळा गोल केला, परातीवर ठेवला आणि म्हणाली, "मग जा." एवढंच. तिच्या तोंडावर ना राग ना आनंद. मला ते फार लागलं. पोरीनं एवढं जिंकून आणलं तर एक शब्द चांगला बोलू नये? रागारागानं मी त्याच दिवशी ट्रंक भरली. सोमवारी आप्पा मला पुण्याला सोडून आले. आईनं गाडीत खायला दशम्या दिल्या होत्या, त्या मी वाकडं तोंड करूनच घेतल्या.

पुढचं आयुष्य मोजण्यातच गेलं. सलाईनचे थेंब, सिरिंजवरच्या रेघा, बाळाच्या वजनावरून औषध. माझ्या हातून डोस चुकला असं बत्तीस वर्षांत कधी झालं नाही, हे मी छाती पुढं काढून सांगू शकते आणि सांगतेही. हाताखाली शिकायला मुली यायच्या. कुणी अंदाजानं औषध भरताना दिसली की मी तिला थांबवून ओट्सची गोष्ट सांगायची. मी तुझ्या वयाची असताना, डोळ्यांनी न बघितलेलं धान्य कागदावर मोजलं आणि तीस माणसांचं भांडं रिकामं आलं. हिशेब पक्का असला की हाताच्या अंदाजाची गरज लागत नाही. किती मुलींना सांगितली असेल देव जाणे. त्या मुलींनी पाठीमागं माझं नाव ओट्सबाई पाडलं होतं, तेही मला आवडायचं. आईला ही गोष्ट मी तिच्यासमोरच चार पाहुण्यांत दोन-तीनदा ऐकवली. ती ऐकायची आणि म्हणायची, "व्हय, रंजीचा हिशेब लई पक्का." आई गेली त्याला आता सात वर्षं झाली. तिच्या मागं मी घरातून ते मापटं तेवढं आणलं.

गेल्या महिन्यात माझी साखर वाढली. आहार सांगणाऱ्या त्या कोवळ्या पोरीनं मला कागद दिला आणि म्हणाली, "आजी, सकाळी ओट्स, चाळीस ग्रॅम." आजी शब्दाचा राग यायला हवा होता, पण चाळीस ग्रॅम ऐकून मला हसूच आलं. घरी सूनबाई पल्लवी म्हणाली, "आई, अर्धा कप घ्या की, तेवढेच होतात." मी म्हटलं, "कप कुणाचा? तुझा का माझा? वजनानं घ्यायचं." नातवाच्या केकसाठी आणलेला छोटा काटा घरात होताच. तिनं ओट्सचं मोठं पाकीट फोडलं. आणि मला गोष्ट सांगायची हुक्की आली. मी मापटं काढलं, पुसलं, काट्यावर ठेवून आकडा शून्य केला आणि म्हटलं, "बघ हं आता. सपाट भरलं की साडेचारशे दाखवेल. शिक्रापूरला असताना मी..." गोष्ट सांगत सांगत मी ओट्स भरले आणि वरून हात फिरवला.

काट्यानं दोनशे चौदा दाखवले.

पल्लवी बिचारी म्हणाली, "सेल गेले असतील, आई." मी मापटं रिकामं केलं आणि ज्वारी भरली. चारशे अठ्ठेचाळीस. ज्वारी ओतून परत ओट्स भरले, आपटून, दाबून बसवले. दोनशे चाळीस. सेल बदलले, तरी तेच. मी खुर्ची ओढून बसले आणि नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. पावणेतीन मापटी म्हणजे सहाशेसुद्धा भरत नव्हते. बाराशेच्या जागी सहाशे, आणि साडेसात लिटर दूध-पाण्यात. त्याची खीर होत नाही, पेजही होत नाही, धुवण होतं. ते भांडं कुणी खरवडून खाल्लं नसतं. म्हणजे ते भांडं माघारीच यायचं होतं, आणि ते मला पस्तीस वर्षं उशिरा कळत होतं.

रात्रभर मी कूस बदलत राहिले आणि सकाळी पहिल्या एसटीनं निघाले. न्हावऱ्याला उतरून पुढं जीपनं इनामगावला गेले. सुमनमावशी आता भाच्याकडं असते. नदीकडच्या आळीत, ओट्यावर बसून ती लसूण सोलत होती. ऐकायला कमी येतं, पण मला लांबूनच ओळखलं. मी पाणीही न घेता विचारलं, "मावशी, त्या दिवशी ओट्स किती टाकले होते?" कुठला दिवस, हे तिनं विचारलं नाही. लसणाची पाकळी हातात तशीच धरून ती माझ्याकडं बघत राहिली.

"कुणी सांगितलं तुला?"

"काट्यानं."

ती हसली. तिला आता पुढचे दात नाहीत. "आदल्या दुपारी तुला डबा घीऊन धाडलं ना, तवा वैनीनं पोत्याची कड उसवली. चिपटंभर काढलं, छोट्या पातेल्यात शिजवलं, चाखलं, तोंड वाकडं केलं. मग मापटं भरून हातावर तोललं आन् म्हंल्या, सुमे, पोरीनं ज्वारी मापलीया. मी म्हणलं, मग सांगा की तिला. तर म्हंल्या, न्हाई." मावशी जरा खाली वाकून म्हणाली, "खरं सांगू? मी म्हणलं हुतं, वैनी, हू द्या पातळ. भांडं माघारी यील, पोरगी घरी ऱ्हाईल. तुमचा हात असा, मला काय येत न्हाई. तर माझ्यावर असं डोळं वटारलं, मला वाटलं आता हानती. सकाळी सोताच मापाय बसल्या. लाभ, दोन, तीन, चार, पाच, आन् वर दोन मुठी. मला म्हंल्या, कागदाला हात लावू नगं. त्यावर हाय तेच ऱ्हाऊ दे."

"आणि रोजचे? महिनाभर?"

"रोज पाच आन् दोन मुठी. कागद भिंतीलाच हुता."

आईचं ते सुजलेलं मनगट डोळ्यांपुढं आलं. तिला फक्त गप्प बसायचं होतं. तिनं काहीही केलं नसतं, तिच्या कबुलीप्रमाणे बाजूला उभी राहिली असती, तरी मी आयुष्यभर तिच्या शेगडीपुढं बसले असते आणि दोष माझ्याच हिशेबाला दिला असता. आणि मी तिच्या दशम्या वाकडं तोंड करून घेतल्या. चारचौघांत तिला तिच्याच ओट्सची गोष्ट ऐकवली. मी ओट्यावर बसून रडले, चांगली हुंदके देऊन रडले. सुमनमावशी माझ्या पाठीवरून लसणाच्या वासाचा हात फिरवत राहिली.

"पण नंतर तरी सांगायचं मला," मी म्हटलं. "मी पुण्याला पोचल्यावर. नोकरी लागल्यावर. एकदा तरी."

"मीबी तेच इचारलं हुतं," मावशी म्हणाली. "तू गेलीस त्याच सोमवारी. तर वैनी म्हंल्या, सांगितलं तर ती माप नीट कराय माघारी यील."

आले असते. त्याच दिवशी, मिळेल त्या ट्रकनं आले असते.